निखिलचं घर, चॅनल तेरा

जुना राऊटर मरतो, पण त्याचा अडॅप्टर काही मरत नाही. तो ड्रॉवरमध्ये जाऊन पडतो, 'लागेल कधीतरी' म्हणून. आमच्या घरी असा आख्खा ड्रॉवर भरलाय आणि बायको दर दिवाळीला त्याच्याकडे बघून उसासा टाकते. किस्स्यांचंही तसंच होतं. प्रत्येक राऊटरमागे एक किस्सा उरतो आणि सगळ्यांच्या वायरी एकमेकांत अडकून बसतात. परवा ड्रॉवर उपसायला घेतला, टाकवला एकही नाही. म्हटलं, निदान किस्से तरी मोकळे करू.

मी चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. राहायला मोशीत. आमच्या सोसायटीत चौघांचं एक मंडळ आहे, रेंज मंडळ. आम्ही गणपती बसवत नाही, वर्गणी मागत नाही, फक्त लोकांच्या घरातलं वायफाय नीट करतो. विन्या आयटीतला. घरूनच काम करतो, त्यामुळे त्याला फुल पँटमध्ये पाहिलेला माणूस सोसायटीत नाही. दत्ताभाऊ मूळ मोशीचे. त्यांच्याच शेतावर आमच्या बिल्डिंगी उभ्या आहेत आणि शेजारी त्यांचा तीन मजली बंगला. चौथे शेवाळे काका. आकुर्डीला दुचाकींच्या कारखान्यात आयुष्य काढून रिटायर झालेले. पाचव्या मजल्यावर काका आणि काकू दोघंच. एकुलता एक मुलगा निखिल अमेरिकेत.

आता आमचं काम काय, ते सांगतो. राऊटरमध्ये कंपनीने घातलेलं एक सॉफ्टवेअर असतं, त्याला फर्मवेअर म्हणतात. ते काढायचं आणि जगभरच्या हौशी लोकांनी लिहिलेलं फुकटचं फर्मवेअर त्यात घालायचं. ह्याला आम्ही 'फ्लॅश मारणं' म्हणतो. मग तोच म्हातारा राऊटर अंग झाडून कामाला लागतो आणि कंपनीने झाकून ठेवलेली सगळी बटणं आपल्याला दिसायला लागतात. बटणं दिसली की माणूस ती दाबतोच!

*

मंडळ सुरू झालं ते काकांच्या फ्रिजमुळे.

आमच्या सोसायटीत मोबाईलची रेंज गेटपर्यंत येते आणि तिथेच थांबते. वॉचमनकडे नाव लिहायला लाजत असावी. घरात जे काय चालतं ते वायफायवर. काकांकडे केबलवाल्याने राऊटर दाराच्या वर ठोकलेला, आणि मधल्या भिंतींमुळे धड सिग्नल यायचा तो फक्त फ्रिजसमोर. दर रविवारी सकाळी निखिलचा व्हिडिओ कॉल. काकूंचे गुडघे दुखतात, तरी दोघं फ्रिजला पाठ लावून, डोक्याला डोकं चिकटवून, एका फोनमध्ये मावायचा प्रयत्न करत उभे. तेवढ्यातही चित्र फुटायचं. निखिलचं तोंड उघडं राहायचं आणि आवाज जायचा. काका 'हॅलो हॅलो' करत राहायचे.

एकदा निखिल म्हणाला, "आई, मी फोन करतो तेव्हा तुम्ही नेहमी फ्रिजपाशीच कसे? सारखी भूक लागते का तुम्हाला?"

काकू म्हणाल्या, "हो रे बाबा, वय झालं की लागते."

कॉल संपल्यावर काका तडक माझ्याकडे आले. चप्पलसुद्धा वेगवेगळी घातलेली. म्हणाले, "मला काही नको. तिला बसून बोलता येईल एवढं करा."

*

मग आम्ही काकांच्या राऊटरला फ्लॅश मारायचं ठरवलं. माझी सुट्टी गुरुवारी, म्हणून मुहूर्तही गुरुवारचा.

आमच्या ह्या पट्ट्यात राहणाऱ्याला पुढचं सांगायची गरज नाही. गुरुवारी कंपन्या बंद, म्हणून लाइनची सगळी दुरुस्ती गुरुवारीच. म्हणजे माझ्या सुट्टीला आणि लाइट जायला एकच वार! पण हे आठवणार कसं? सुट्टी असली की मी झोपलेलो असतो.

विन्याने लॅपटॉप जोडला. "काका, आता पाच मिनिटं कुणी श्वास घेऊ नका. फ्लॅश मारताना मध्येच बंद पडला ना, तर राऊटर कायमचा गेला." पडद्यावर पट्टी पुढे सरकत होती. अर्ध्याच्या थोडी पुढे गेली आणि पंखा थांबला.

आम्ही तिघं त्या पंख्याकडे बघत बसलो. आतून काकू आल्या. "अरे, मी गुरुवारी मिक्सर लावतानासुद्धा घड्याळ बघते. तुम्ही एवढा मोठा कारभार मांडलात तो आजच होय!"

राऊटर गेला तो गेलाच. त्याच्या जागी मी माझ्या ड्रॉवरमधला एक लावून दिला, बराच जुना, एकाच बँडचा, म्हणजे एकाच लहरीवर चालणारा. त्यावर दुसरं फर्मवेअर आधीच घातलेलं होतं. पण केबलवाल्याच्या वायरीचं टोक त्यात बसेना, तशी जोडणी आणेपर्यंत एक रविवार मध्ये गेला. त्या रविवारी काका-काकू गेटबाहेर कट्ट्यावर बसून निखिलशी बोलले. शेजारून डंपर चाललेले. काकूंनी कानावर पदर धरलेला आणि ओरडून विचारत होत्या, "जेवलास का?" मला पार्किंगमधून ते बघवेना.

तेव्हापासून मंडळाची बैठक रविवारी संध्याकाळी!

*

दत्ताभाऊ मंडळात आले ते म्हशींमुळे. सगळी जमीन गेली तरी दोन म्हशी त्यांनी ठेवल्या आहेत. बंगल्याच्या मागे गोठा. भाऊंना गोठ्यात कॅमेरा लावायचा होता, पण तिथपर्यंत वायफाय पोचत नव्हतं.

आम्ही एका जुन्या राऊटरला फ्लॅश मारून बंगल्याचा सिग्नल पुढे ढकलायच्या कामाला लावलं. गोठ्याच्या खांबावर बसवला, कॅमेरा चालू झाला, म्हशी दिसायला लागल्या. दुसऱ्या दिवशी भाऊंचा फोन. "राव, म्हशी गेल्या!"

मी घाबरून पळत गेलो. म्हशी जागेवर होत्या, टीव्हीवरून गेल्या होत्या. बघतो तर राऊटर खांबावर नाही. भाऊंनी तो दुधाच्या स्टीलच्या किटलीत घालून, वर घट्ट झाकण लावून, ती किटली खांबाला टांगली होती.

"भाऊ, अहो पत्र्यातून सिग्नल जात नाही!"

"आरं, पन बाहीर ठिवला तर उंदीर वायरी खात्यात. मंग काय करायचं आमी?"

शेवटी प्लास्टिकच्या बरणीवर तोडगा निघाला. आता भाऊ तिसऱ्या मजल्यावर भल्यामोठ्या टीव्हीवर म्हशींचं रवंथ बघत बसतात. त्यांच्या बायकोची मालिका बुडते त्यात. मी एकदा विचारलं, "भाऊ, गोठा तर खाली आहे. जाऊन बघायचं की."

भाऊ खिडकीकडे हात करून म्हणाले, "हितनं आधी सरळ इंद्रायणी दिसायची. बांधावर हुबं राह्यलं की पानी दिसायचं. आता तुमचीच बिल्डिंग दिसती. मंग म्हशी तरी बघतो." आणि पुन्हा टीव्हीकडे वळले.

*

काकांकडे लावलेल्या माझ्या जुन्या राऊटरला नाव द्यायचं होतं. आमच्या सोसायटीत वायफायची नावं हा एक स्वतंत्र विषय आहे. मीटिंगमध्ये जे बोलायची हिंमत नसते ते लोक तिथे लिहितात. फोन उघडला की ओळीने दिसतं: 'पार्किंग बी-१२ माझंच', 'वर खुर्च्या ओढू नका', 'पासवर्ड मागू नये'. विन्याच्या वायफायचं नाव 'मीटिंगमध्ये आहे'. तो मीटिंगमध्ये कधीच नसतो.

विन्याने विचारलं, "काका, तुमचं काय ठेवू? शेवाळे पाचशे चार?"

काका म्हणाले, "निखिलचं घर."

"अहो, घर तुमचं, बिल तुम्ही भरता..."

"दारावर माझं नाव आहे रे. इथे त्याचं असू दे."

पासवर्डही त्यांनीच सांगितला, वायफायला आणि राऊटरला एकच, निखिलची जन्मतारीख. विन्या म्हणाला, "काका, असला पासवर्ड कुणीही ओळखेल." काका म्हणाले, "ओळखू दे की. ज्याला ती तारीख माहीत आहे, तो घरचाच."

*

तरीही कॉल अडकतच होता. मग विन्याने रोग शोधला. वायफायचे चॅनल असतात, रस्त्यावरच्या लेनसारखे. सोसायटीतले झाडून सगळे राऊटर एक, सहा आणि अकरा ह्या तीनच लेनमध्ये घुसलेले. पहिली शिफ्ट सुटल्यावर चाकणच्या चौकात जे होतं, तेच हवेत चाललेलं! आणि तेरा नंबरची लेन रिकामी, एक सायकलसुद्धा नाही.

"आपल्या फर्मवेअरमध्ये तेरा आहे," विन्या म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.

मी स्वतः राऊटर दारावरून काढून पॅसेजमध्ये मध्यभागी लावला. पुढच्या रविवारी काकांनी मंडळाला मुद्दाम बोलावलं. काकू पलंगावर, पाठीला उशी, पाय लांब करून बसलेल्या. फोन वाजला आणि निखिल समोर आला, स्वच्छ, दाढीच्या केसासकट. कुठे अडकणं नाही की फुटणं नाही. काका फोन घेऊन घरभर फिरले. गॅलरीतला कढीपत्ता दाखवला, नवा गीझर दाखवला, निखिलची खोली दाखवली, तिथलं त्याचं कॅरमबोर्ड दाखवलं. निखिल काही बोलेना. काकांना वाटलं पुन्हा अडकलं. "हॅलो? हॅलो?"

"ऐकतोय बाबा," तो म्हणाला. "तुम्ही किती वाळलात हो! आणि आईचे केस सगळे पांढरे कधी झाले?"

इतकी वर्षं चित्र फुटत होतं, त्यामुळे त्याला ते दिसलंच नव्हतं.

काकू म्हणाल्या, "रंग लावायचा राहिला रे ह्या वेळी." त्यांनी कधीच रंग लावलेला नाही. मग निखिल म्हणाला, "डिसेंबरमध्ये येतो."

आम्ही गुपचूप चपला घालून बाहेर पडलो. त्या संध्याकाळी मी बार्शीला आईला फोन केला. आई घाईने म्हणाली, "काय रे, काही काम होतं का?" मला ते फार लागलं. म्हटलं, नाही गं, सहज. पण सहज फोन करायची सवय नसल्याने पुढे काय बोलायचं ते दोघांनाही सुचेना.

*

डिसेंबर जवळ आला तसे काका बिथरले. "त्याला तिकडे कसली सवय असेल! इथे एकदा अडकलं तर म्हणेल, पुढच्या वेळी हॉटेलात उतरतो." विन्याकडे हट्ट धरून त्यांनी राऊटरची ताकद वाढवून घेतली. नव्या फर्मवेअरमध्ये तेही बटण होतं. ताकद वाढली तसा राऊटर तापायला लागला. काकांनी त्याच्यासमोर स्टूल ठेवलं आणि स्टुलावर टेबलफॅन.

काकू मला म्हणाल्या, "लग्नाला इतकी वर्षं झाली, उन्हाळ्यात कधी पंखा माझ्याकडे वळवला नाही ह्या माणसाने. आणि त्या डबड्याला थंडीत वारा!"

काका न्हाणीघरात, गॅलरीत, कपाटाच्या मागे फोन घेऊन उभे राहायचे आणि ओरडायचे, "इथे फुल्ल आहे!" घर चकाचक, पडदे नवे, वायफाय कोपऱ्याकोपऱ्यात. फक्त निखिल यायचा बाकी होता.

*

निखिल शनिवारी आला. रविवारी मला काकांच्या नंबरवरून फोन, बोलत होता निखिल.

"दादा, एक विचित्र प्रॉब्लेम आहे. फोनवर सगळ्या सोसायटीचं वायफाय दिसतंय. पार्किंगवालं दिसतंय, खुर्च्यावालं दिसतंय. फक्त आपल्या घरचं दिसत नाही. लॅपटॉपवर पण तेच. बाबांच्या फोनवर मात्र मस्त चालू आहे. बाबा म्हणतात राऊटरचा पासवर्ड मंडळाकडे असतो."

पासवर्ड मंडळाकडे? मला काही कळेना. म्हटलं, संध्याकाळी येतो. विन्याला विचारलं तर त्याने कपाळावर हात मारला. "तेरा! अरे, तिकडे तेरा नंबर वापरत नाहीत. तिकडच्या बऱ्याच फोनना तो चॅनल दिसतच नाही!" म्हणजे आम्ही आख्ख्या पृथ्वीवर नेमका तोच चॅनल निवडला होता, जो फक्त निखिलला दिसणार नाही. बदलायला एक मिनिटाचं काम होतं.

संध्याकाळी लॅपटॉप घेऊन पाचव्या मजल्यावर गेलो. बेल दाबायच्या आधीच काकांनी दार उघडलं, बाहेर आले आणि दार हळूच ओढून घेतलं. मला लिफ्टपाशी नेलं. आतून काकूंच्या हसण्याचा आवाज येत होता आणि कॅरमच्या सोंगट्यांचा.

"कळलं काका काय झालंय ते. चॅनल बदलतो, एक मिनिट लागेल."

"आज नको."

"मग उद्या?"

काकांनी माझा दंड धरला. "गुरुवारी निघतोय तो. तू शुक्रवारी ये."

मी लॅपटॉप पुन्हा काखेत मारला. ते म्हणाले, "तुमच्या कंपनीत वर्षअखेरचं शटडाऊन आहे, मेंटेनन्सवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नाही, असं सांगितलंय मी त्याला. खाली भेटलास तर जरा दमल्यासारखा दिस."

मग तीन दिवस मी दमलेला दिसलो. निखिल सकाळी एकदा गेटपाशी यायचा, रेंजमध्ये उभा राहून जे काय बघायचं ते बघायचा आणि फोन खिशात टाकून वर जायचा. मला म्हणायचा, "दादा, फार काम दिसतंय." मी म्हणायचो, "विचारू नका." एकदा काकूंसाठी मटार घेऊन येताना भेटला. एकदा काका त्याला आकुर्डीला घेऊन गेले, कारखान्याच्या गेटसमोर ज्या टपरीवर ते चहा प्यायचे ती दाखवायला. दोघं येताना बसने आले, उभ्याने, आणि तरी खूश होते.

गुरुवार आला. माझी सुट्टी, आणि लाइटही गेलेली. लिफ्ट बंद म्हणून त्याची बॅग उतरवायला मी वर गेलो. काका-काकू गॅलरीतच थांबले, काकूंना जिने उतरवत नाहीत. खाली टॅक्सीत बॅग ठेवल्यावर निखिल म्हणाला, "दादा, चॅनल तेरा आहे ना?"

मी टॅक्सीची डिकी लावून घेतली.

"बाबांच्या फोनवर रविवारी रात्रीच बघितलं मी. राऊटरचा पासवर्डही लागला, माझीच जन्मतारीख निघाली."

"मग बदलला का नाहीत?"

त्याने वर गॅलरीकडे बघून हात हलवला. वरून दोन हात हलले. "लिफ्टपाशी बाबांचा आवाज फार घुमतो," तो म्हणाला.

टॅक्सीत बसून त्याने काच खाली केली. "चॅनल बदलू नका. पण शुक्रवारी नक्की जा त्यांच्याकडे."

शुक्रवारी शिफ्ट सुटल्यावर गेलो. लॅपटॉप घरीच ठेवला होता.